पट्टी खाली सरकवा

आमच्या घरात तारखा वरून खाली उतरतात. रविवार सगळ्यात वर, शनिवार तळाला. एक तारखेच्या खाली दोन, दोनच्या खाली तीन. पुण्याची मामेबहीण दर डिसेंबरात मराठी कॅलेंडर पाठवते. आई ते स्वयंपाकघरात फ्रीजशेजारच्या खिळ्याला लावते आणि संकष्टीचा चंद्रोदय, गॅसचा सिलिंडर कधी आला, कामवाली मासी कधी आली नाही, सगळं त्याच्यावरच लिहून ठेवते. माझा जन्म कोलकात्याचा, शाळा-कॉलेज इथलं, नोकरी इथली. पोइला बैशाखला, म्हणजे बंगाली नववर्षाला, कोपऱ्यावरचा मिठाईवाला जे कॅलेंडर देतो त्यात तारखा डावीकडून उजवीकडे जातात. आम्ही मिठाई खातो आणि ते कॅलेंडर गुंडाळी न सोडता रद्दीत टाकतो. आयुष्याची चौपन्न वर्षं गेली, पण या दोन कॅलेंडरांत काही फरक आहे असं माझ्या कधी मनातसुद्धा आलं नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं रामायण इथूनच सुरू झालं.

मी खिदिरपूरला, गोदीजवळच्या एका हिंदी माध्यमाच्या शाळेत तिसरीला शिकवत होते. शाळा एका ट्रस्टची. सकाळी साडेसहा ते साडेदहा मुलींचा प्राथमिक वर्ग, त्याला सगळे मॉर्निंग सेक्शन म्हणतात. मग मुली घरी जातात आणि त्याच बाकांवर मोठे मुलगे येऊन बसतात. माझ्या वर्गात एकतीस मुली. कुणाचे वडील जहाजावर माल चढवणारे, कुणाचे ट्रेलरवर ड्रायव्हर, कुणाचे चहाच्या टपरीवर. भवानीपूरहून पहिली बस पकडून मी पोचायचे तेव्हा फाटकाशी दहाबारा जणी आधीच उभ्या असायच्या. आमचं सगळं बोलणं हिंदीतून चालायचं, इथं मी ते माझ्या भाषेत सांगते आहे.

तिसरीच्या मुलांची दरवर्षी एक चाचणी होते. सगळ्या शाळांना एकच प्रश्नपत्रिका, चाळीस प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय. उत्तर लिहायचं नाही, वेगळ्या उत्तरपत्रिकेवर त्या पर्यायाचा गोल पेनानं काळा करायचा. तपासायला माणूस नाही, मशीन. लागोपाठ दोन वर्षं आमचा वर्ग त्यात तळाला गेला होता. मग ट्रस्टचं पत्र आलं: यंदाही तसंच झालं तर मॉर्निंग सेक्शन बंद, आणि मुलींनी पुलापलीकडच्या ट्रस्टच्या दुसऱ्या इमारतीत जायचं.

पुलापलीकडे! ज्यानं पत्र लिहिलं तो त्या पुलावरून सकाळी कधी चालला होता की नाही, देव जाणे. एकामागून एक कंटेनरचे ट्रेलर, फुटपाथ नावाला. आठ वर्षांची पोरगी तिथून एकटी जाणार नाही आणि तिला सोडायला घरात कुणाला सवड नाही. आमच्या हेडमिस्ट्रेसनं, सगळे त्यांना बडी मिस म्हणत, आयांची सभा घेतली आणि सरळ विचारलं, ‘तिकडे कोण पाठवेल?’ एकतीसपैकी चार हात वर झाले. आजूबाजूला बघून त्यातले दोन खाली आले. म्हणजे चाचणी बिघडली तर शाळा बदलणार वगैरे काही नव्हतं, शाळा सुटणार होती. हे बडी मिसना कळलं, मला कळलं आणि पाठीमागे उभ्या असलेल्या मुलींनाही कळलं.

मी तशी तापट बाई. अंगावर आलं की शिंगावर घेणारी. मी बडी मिसना सांगून टाकलं, ‘यंदा बघाच तुम्ही. मुली मठ्ठ नाहीत, त्यांना तो गोलांचा कागद कळत नाही, एवढंच.’ आणि ते खरंच होतं. माझ्या मुलींना भागाकार यायचे, उतारा वाचून अर्थ सांगता यायचा. पण गोल दिसला की कुणी त्यात बरोबरची खूण करायची, कुणी डोळे-नाक काढायची, एकीनं तर मागच्या वर्षी चारही गोल सुंदर रंगवले होते, म्हणे एकच रंगवला तर बरं नाही दिसत. शिवाय तिसरीपर्यंत आमच्याकडे पेन्सिल. पेन हातात आलं की त्यांचे हात थरथरायचे.

खरा कागद मी कधी डोळ्यांनी पाहिला नव्हता, फक्त मुलींकडून ऐकला होता. नमुन्याचा कागद येणार येणार म्हणत होते, तो काही आला नाही. मग एका रविवारी दुपारी मी स्वतःच करायला बसले. घरात मोठा कोरा कागद नव्हता. मागच्या वर्षीच्या कॅलेंडरचं एक पान घेतलं आणि पाठकोऱ्या बाजूला आखायला लागले. पलीकडच्या चौकटी कागदातून दिसत होत्या. म्हटलं, आयतंच झालं! त्याच गिरवल्या, सात ओळी होत्या तिथं खाली तीन वाढवल्या, एक रकाना सोडून दिला. दहा खाली, चार आडवे, झाली चाळीस घरं. प्रत्येक घरात चार गोल. आकडे घालायचा मला कंटाळा आला, म्हणून फक्त रकान्यांच्या डोक्यावर लिहिले: एक, अकरा, एकवीस, एकतीस. आई बाजूला भेंडी पुसत होती. ती म्हणाली, ‘अगं, त्या पानावर बाबांची तिथी लिहिलीय माझी, फाडू नकोस हं.’ मी म्हटलं, ‘फाडत नाही गं, झेरॉक्स काढून परत आणते.’

कॅलेंडराच्या मागचा जाड पुठ्ठा कापून मी एकतीस पट्ट्या केल्या, वीतभर लांब. आणि मग रोज सकाळी प्रार्थना झाली की आमचा सराव. पट्टी पहिल्या घराखाली ठेवायची. प्रश्न वाचायचा, गोल भरायचा, पट्टी एक घर खाली सरकवायची. दहा झाले की पुढच्या रकान्याच्या डोक्यावर जायचं. मी टेबलावर डस्टर आपटायचे आणि ओरडायचे, ‘पट्टी?’ एकतीस जणी ओरडायच्या, ‘खाली!’ शेजारच्या वर्गातल्या बाई, दीदीमणि, वैतागायच्या. मला काय त्याचं! पहिल्या आठवड्यात निम्म्या जणींची घरं चुकायची. तिसऱ्या आठवड्यात एकीचंही चुकेना. रकान्यांच्या डोक्यावरचे आकडे बघायचीसुद्धा त्यांना गरज उरली नाही.

पहिल्या बाकावर एक मुलगी बसायची. दोन घट्ट वेण्या, लाल रिबिनी, वडील ट्रेलर चालवायचे. ती वर्गातली सगळ्यात हुशार आणि मला सगळ्यात लाडकी, खोटं कशाला बोलू. मी फळ्यावर गणित लिहून वळेपर्यंत तिचं उत्तर तयार असायचं, पण ती ओरडायची नाही, मी विचारीपर्यंत ओठ दाबून बसायची. मोठी होऊन काय होणार विचारलं की म्हणायची, ‘मिस.’ डॉक्टर नाही, पोलीस नाही, मिस. मी सांगितलेलं काहीही ती मान डोलवून ऐकायची.

सरावाच्या वेळी एकदा तिनं हात वर केला. ‘मिस, कागदावर नंबर असले तर नंबर बघायचा की पट्टी?’

मला तेव्हा घाई होती. घंटा व्हायला आली होती, दोघीजणी पेनावरून भांडत होत्या. मी म्हटलं, ‘पट्टी! नंबर शोधत बसलीस तर वेळ जाईल. पट्टी कधी खोटं बोलत नाही.’ तिनं मान डोलवली. मग ते वाक्यच होऊन बसलं वर्गाचं. मी ‘पट्टी?’ म्हटलं की ‘खाली!’ म्हणायच्या आणि वर जोडायच्या, ‘पट्टी झूठ नहीं बोलती!’

चाचणीच्या दिवशी वर्गशिक्षिकेनं वर्गात थांबायचं नाही असा नियम. बाहेरच्या शाळेतले एक सर आले होते, तरुण, इस्त्रीचा शर्ट, चेहरा अगदी कोरा. मुली तेल लावून, वेण्या घालून, हातात पट्ट्या घेऊन आत गेल्या. मी स्टाफरूममध्ये जाऊन बसले. दीड तासानं सर बाहेर आले ते हसतच. म्हणाले, ‘दीदी, काय शिस्त आहे हो तुमच्या मुलींची! एवढ्या शाळा फिरलो, असं नाही बघितलं. सगळ्यांची पट्टी एकाच वेळी सरकते!’ मला काय आनंद झाला म्हणून सांगू. मी त्यांना बळंच मिठाईचे दोन संदेश खायला घातले.

ते खाता खाता त्यांनी पाकीट बांधायला घेतलं. एक उत्तरपत्रिका जादा आली होती, तिच्यावर आडवी रेघ मारून त्यांनी ती टेबलावर ठेवली होती. मी सहज उचलली. माझाच विषय, बघावं म्हटलं कशी असते.

पहिल्या ओळीत बारीक करड्या अक्षरात छापलं होतं: एक, दोन, तीन, चार. दुसऱ्या ओळीत पाच, सहा, सात, आठ.

आडवं. सगळं आडवं होतं.

दहा ओळी, चार रकाने, माझ्या कागदासारखेच. पण एकाच्या खाली पाच होता. माझ्या एकतीस जणींनी पट्टी खाली सरकवली होती. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पाचव्याच्या घरात, तिसऱ्याचं नवव्याच्या. मी तिथंच उभ्या उभ्या बोटानं मोजलं. वरून खाली जा नाहीतर डावीकडून उजवीकडे, फक्त चार प्रश्न आपल्या जागी राहत होते: पहिला, चौदावा, सत्ताविसावा आणि शेवटचा. चाळिसातले चार. बाकी सगळा नशिबाचा खेळ.

मी सरांना म्हटलं, ‘थांबा, हे पाकीट बांधू नका, चूक झालीय, माझी चूक झालीय.’ ते घाबरले. संदेश तसाच हातात धरून म्हणाले, ‘दीदी, मला पाकीट उघडायचा अधिकार नाही.’ मी बडी मिसकडे पळाले. त्यांना समजावताना माझ्या जिभेवर हिंदी येईना, बंगाली येईना, मराठीच येत होती. कागदावर बोट फिरवून दाखवलं तेव्हा त्यांना कळलं. त्या म्हणाल्या, ‘सगळ्या जणींनी? एकही चुकून बरोबर करणारी नसेल?’ मी म्हटलं, ‘नसेल. मी शिकवलंय त्यांना.’

गाडी आली आणि पाकीट गेलं. आम्ही त्याच दिवशी चाचणी घेणाऱ्या कचेरीला अर्ज लिहिला, झाला प्रकार कळवला, मी माझी सही केली, माझ्या त्या आखलेल्या कागदाची झेरॉक्सही जोडली. महिनाभरानं उत्तर आलं: मशीननं वाचलेले कागद पुन्हा वाचले जात नाहीत. एवढंच. रागवावं असंही त्यांना वाटलं नव्हतं.

घरी मी आईला सांगितलं. ती कॅलेंडराकडे बघत राहिली. म्हणाली, ‘करायला गेलीस गणपती आणि झाला मारुती.’ मी तिच्यावर केवढ्यानं ओरडले! ‘तुझं हे कॅलेंडर, तुझी ही भिंत!’ म्हातारी बिचारी म्हणाली, ‘अगं, पण त्यात आकडे असतात की प्रत्येक घरात.’ तिचं बरोबर होतं. कॅलेंडरानं कुणाला फसवलं नव्हतं. आकडे घालायचा कंटाळा मी केला होता आणि वर पोरींना सांगितलं होतं की बघू नका.

निकालापर्यंतचे ते महिने मी वर्गात कशी उभी राहिले माझं मला ठाऊक. मुली खुशीत होत्या. प्रश्नपत्रिका त्यांना सोपी गेली होती. सातव्याचं काय लिहिलंस, विसाव्याचं काय लिहिलंस, धडाधड सांगायच्या आणि सगळं बरोबर असायचं. मी त्यांना काही सांगितलं नाही. बडी मिस म्हणाल्या, निकाल लागू दे आधी. मलाही तेच हवं होतं, मी घाबरट निघाले.

निकाल लागला. आमचा वर्ग सगळ्यात खाली. आधीच्या दोन वर्षांपेक्षाही खाली. ट्रस्टचं दुसरं पत्र आलं, त्यात मॉर्निंग सेक्शन कधी बंद होणार ती तारीख होती.

पुन्हा सभा झाली. या वेळी वडीलही आले होते, काम सोडून. मी ठरवूनच गेले होते. उभी राहिले आणि सांगितलं, ‘चूक तुमच्या मुलींची नाही. चूक माझी आहे. मी त्यांना कागद उलटा शिकवला. त्यांना सगळं येत होतं.’ सगळं सविस्तर सांगितलं, कागद वर धरून दाखवला. ते ऐकत होते. मग मागून एक वडील हात जोडून उभे राहिले आणि म्हणाले, ‘मिस, तुम्ही मोठ्या मनाच्या. आमच्या पोरींची अब्रू झाकायला स्वतःवर घेताय. पण आम्हाला माहीत आहे ना, आमच्या घरात कुणाला डोकं आहे?’ सगळ्यांनी माना हलवल्या. एक बाई तर माझ्या पाया पडायला आली. मी ओरडून सांगत होते, ‘अहो खरंच, देवाशपथ!’ आणि जितकी ओरडत होते तितकी त्यांच्या डोळ्यांत मी चांगली होत होते. गेली तीन वर्षं निकाल त्यांना जे सांगत होता ते त्यांनी खरं मानलं होतं. त्यावर माझं एकटीचं कोण ऐकणार?

त्या दिवशी मला रडू नाही आलं. संताप आला, आणि तो ओतायला जागाच नव्हती.

शेवटच्या दिवशी मुली आल्या, पण शिकवायला काही नव्हतं. मुलींना मी पुन्हा एकदा सांगितलं, कागद माझ्यामुळे चुकला म्हणून. त्यांनी ऐकलं आणि लगेच भिंतीवरची चित्रं कोण नेणार यावरून भांडायला लागल्या. पुलापलीकडच्या शाळेत नाव घातलेल्या तिघी होत्या. पहिल्या बाकावरची त्यांच्यात नव्हती. तिच्या आईनं मला फाटकाशीच सांगितलं होतं, की पोरगी अभ्यासात कच्ची निघाली, आता घरी धाकट्याला सांभाळेल. कच्ची! मी त्या बाईशी तिथंच भांडले. उद्या घरी येते, नवऱ्याशी बोलते म्हणाले. गेलेही दोनदा. दोन्ही वेळा त्यांनी मला चहा दिला आणि धाकट्याला कडेवर घेऊन ती दारात उभी राहिली.

पण ते नंतरचं. त्या शेवटच्या दिवशी सगळ्या गेल्यावर ती मागं राहिली. दप्तरातून तिनं पट्टी काढली आणि माझ्या टेबलावर ठेवली. मी म्हटलं, ‘ठेव की तुला.’ ती म्हणाली, ‘शाळेची आहे ना.’ मग तिथंच उभी राहिली, ओठ दाबून. मला ते ओळखीचं होतं. उत्तर तयार असलं की ती तशी बसायची.

‘बोल,’ मी म्हटलं.

‘मिस, मी बघितलं होतं,’ ती म्हणाली. ‘त्या दिवशी. एकच्या बाजूला दोन होता. खाली पाच होता. मी सरांना विचारायला हात वर केला, सर म्हणाले, बोलायचं नाही. मग मी बाजूला भरणार होते. पेन ठेवलं होतं मी दोनवर.’

‘मग?’

‘मग मला वाटलं, मलाच चुकीचं दिसतंय. तुम्ही सांगितलं होतं ना, नंबर नाही बघायचा.’

बाहेर मोठे मुलगे यायला लागले होते, बाकं सरकवल्याचे आवाज येत होते. मी तिचे दोन्ही हात धरले. म्हटलं, ‘ऐक. तुला बरोबर दिसत होतं. तुझंच बरोबर होतं, माझं चुकलं होतं. कळलं?’

तिनं मान डोलवली. मी काहीही सांगितलं की डोलवायची, तशीच.